मधमाश्यांचं बिऱ्हाड हलवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



डिसेंबर-जानेवारी उजाडला की निफाडचं नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, हे मुंबई-पुण्याची मंडळीसुद्धा चवीनं वाचतात. पारा ५ अंशांच्या खाली घसरला की आपला द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सुरू ठेवतो आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून देवाला हात जोडतो. गहू-हरभरा मात्र या थंडीवर खूश असतात. कांद्याच्या डोंगळ्याला तर थंडी लागतेच. ती पुरेशी मिळाली नाही, तर कांद्यातून फुलाचा दांडा नीट निघत नाही.

याच दिवसांत रात्रीच्या वेळी आपल्या रस्त्यांवरून काही टेम्पो जातात. आत लाकडी पेट्या, दोरखंडानं करकचून बांधलेल्या. असा टेम्पो चहाला थांबला आणि इंजिन बंद झालं, तर जरा जवळ जाऊन कान द्या. आतून एकसारखी घूं घूं ऐकू येईल. ही मधमाश्यांची बिऱ्हाडं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो. मधमाशीचं बिऱ्हाड मात्र दुसऱ्या कुणीतरी उचलून न्यावं लागतं. ते थंडीत कसं न्यायचं, एवढ्यापुरतंच मी आज बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण पेट्या भाड्यानं आणणाऱ्या शेतकऱ्याचं बी आणि मधपाळाचं भांडवल, दोन्ही त्यावर टांगलेलं असतं.

पेट्या हलवायच्याच कशाला, असं कुणी विचारील. नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा डोंगराळ, धो धो पावसाचा पट्टा. तिथं पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात खुरासणी फुलते आणि डोंगरउतार पिवळे होतात. मध्ये दिंडोरी-निफाडचा बागायती पट्टा. पलीकडे चांदवड, येवला, देवळा, सटाणा, मालेगाव, म्हणजे कांदा आणि डाळिंब. यातल्या कुठल्याही एका जागी बारा महिने पेटीला पुरतील एवढी फुलं नसतात. तेव्हा पेटीला फुलांमागे जावं लागतं. खुरासणी संपली की कांद्याचे डोंगळे, त्यानंतर आंबे बहाराचं डाळिंब, असा फेरा जमवता येतो. आपल्याकडे धनगर मेंढ्या घेऊन येतात, शेतकरी रानात मेंढ्या बसवतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार तसाच आहे. मेंढी खत देऊन जाते, माशी बी भरून देऊन जाते.

निसर्गातही हे नवं नाही. कड्यांना आणि उंच झाडांना लटकणारं आग्या मोहोळ ऋतू बदलला की आपण होऊन उठतं आणि शंभर-दोनशे किलोमीटरवर जाऊन बसतं. त्याला टेम्पो लागत नाही. पेटीत राहतात त्या सातेरी आणि मेलिफेरा. सातेरी आपल्या इथलीच. मेलिफेरा मूळची युरोप-आफ्रिकेकडची, ती १९६२ च्या सुमारास हिमाचल प्रदेशातल्या नगरोट्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. पुण्याची केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्थाही १९६२ चीच. लांबचे प्रवास करणाऱ्या पेट्या बहुतेक मेलिफेराच्या असतात. सातेरीला फार हलवलेलं खपत नाही. तिला नवी जागा पटली नाही तर ती राणीसह पेटी सोडून सरळ चालती होते.

आता कांद्याचं फूल बघा, म्हणजे हा प्रवास ऐन थंडीतच का करावा लागतो ते कळेल. डोंगळ्याच्या टोकाला जो पांढरा गोंडा असतो, त्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग वेळेवर उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलाचा आणून द्यावा लागतो. हे काम मुख्यतः माश्यांचं. त्यात त्या इतक्या तरबेज, की दोन वाणांचे बीजोत्पादनाचे प्लॉट एकमेकांपासून किलोमीटरभर लांब ठेवायला सांगतात. नाहीतर लाल कांद्याच्या बियात पांढरा मिसळतो.

पण गंमत अशी की मधमाशीला कांद्याचं फूल फारसं आवडत नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं. जवळपास दुसरं काही फुललेलं असलं की ती तिकडे वळते. डोंगळे फुलायच्या पंधरा दिवस आधीच पेट्या आणून ठेवल्या, तर माश्या शेजारच्या धन्यावर, मोहरीवर जायला लागतात, ती वाट त्यांच्या अंगवळणी पडते आणि आपला गोंडा तसाच राहतो. म्हणून शेकडा दहा फुलं उमलल्यावर पेट्या आणाव्यात असं जाणकार सांगतात. उमलायला लागल्यावर आणल्या, की पहिल्या दिवसापासून समोर कांदाच दिसतो. ही वेळ आपल्याकडे साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येते. थंडी आहे, जरा थांबू, असं म्हणायची सोय उरत नाही.

इथं मधमाशीच्या एका स्वभावाची गाठ पडते. माणूस घर ओळखतो ते दारावरून, रंगावरून, पाटीवरून. मधमाशीला या खुणा जवळ आल्यावर थोड्याफार कामाला येतात, पण लांबून येताना ती घर ओळखते ते जागेवरून. कामकरी माशी जन्मल्यावर साधारण तीन आठवडे पेटीच्या आतच राबते. पिल्लांना भरवणं, पोळं बांधणं, झाडलोट, दारावर पहारा. मग ती फुलांवर जायला लागते. पहिल्यांदा बाहेर पडताना ती तीरासारखी सुटत नाही. पेटीकडे तोंड करून डावी-उजवीकडे हेलकावे घेते, मग हळूहळू मोठी वर्तुळं घेत वर चढते. दुपारच्या उन्हात पेटीपुढे तरुण माश्यांचा हा खेळ कुणालाही बघता येईल. झाड कुठं, बांध कुठं, सूर्य कुठल्या हाताला, हे सगळं ती टिपून घेत असते. एकदा पाठ झालं की मग रोज मागे वळून बघत नाही.

निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात यावर एक साधा, सुंदर प्रयोग केला. मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी वाळूत बीळ करून राहते. तिच्या बिळाभोवती त्यानं पाइनच्या फळांचं कडं मांडलं. ती त्या कड्याला सरावली. मग ती बाहेर गेलेली असताना त्यानं ते कडं थोडं बाजूला सरकवलं. ती परत आली आणि नेमकी कड्याच्या मधोमध उतरली. बीळ शेजारीच होतं, पण तिला सापडेना. पुढे १९७३ चं नोबेल पारितोषिक टिनबर्गनला मिळालं. त्यात त्याचे वाटेकरी होते कोनराड लोरेन्झ आणि मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश.

गांधीलमाशीचं जे कड्याशी झालं, तेच मधमाशीचं आजूबाजूच्या शिवाराशी होतं. समजा, पेटी उचलून त्याच शेतात २०० मीटरवर ठेवली. सकाळी माशी बाहेर पडते. चिंचेचं झाड तेच, विहीर तीच, बांध तोच. तिला वाटतं सगळं ओळखीचं आहे. ती फुलांवर जाते आणि येताना सवयीनं जुन्या जागी उतरते. तिथं पेटी नसते. ती घिरट्या घालते, तिच्यासारख्या आणखी येतात, आणि दिवस मावळताना जुन्या जागेवरच्या दगडावर किंवा खुंटावर माश्यांचा एक पुंजका बसलेला दिसतो. पेटी २०० मीटरवर उघडी असते.

हीच पेटी चांगली लांब नेली, तर उलट घडतं. बाहेर पडल्यावर ओळखीचं काहीच दिसत नाही. माशी थबकते, वळते आणि पहिल्या दिवसासारखी नव्यानं जागा पाठ करते. यावरून इंग्रजी मधपाळांमध्ये एक बोलणं रूढ आहे, की पेटी हलवायची तर तीन फूट हलवा, नाहीतर तीन मैल. सातेरीचा फिरण्याचा पल्ला मेलिफेरापेक्षा कमी, साधारण एक-दीड किलोमीटरचा, त्यामुळे तिला थोडं कमी अंतरही पुरतं. तरी ५ किलोमीटर धरून चाललेलं बरं.

थंडीचा घोळ होतो तो या ठिकाणी. मधुमक्षिकापालनावरची बरीच पुस्तकं युरोप-अमेरिकेतली, किंवा तिकडच्या पुस्तकांवरून तयार केलेली. त्यांत असं सापडतं, की हिवाळ्यात पेटी कितीही अंतरावर हलवली तरी चालते. तिकडे ते खरंच आहे. तिथं थंडी एकदा बसली की आठवडेच्या आठवडे भर दुपारीसुद्धा पारा १० अंशांवर चढत नाही. माश्या पोळ्यांच्या मध्ये गोळा करून बसून राहतात. महिनाभर घरात कोंडलेली माशी बाहेर येते तेव्हा ती पुन्हा हेलकावे घेते, पुन्हा जागा पाठ करते. मधल्या काळात पेटी कुठं गेली याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

आपल्या निफाडची थंडी ही रात्रीची थंडी. पहाटे पाच-सहा अंश असतात आणि त्याच शेतात दुपारी दोन वाजता पंचवीस-सव्वीस. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन दारावर आलं की मेलिफेरा निघते. सातेरी तर तिच्याही आधी, कारण ती जरा गारठ्यातही उडते. चार-पाच वाजेपर्यंत काम चालतं, आणि हे रोज. म्हणजे आपल्याकडे ऐन कडाक्याच्या लाटेतसुद्धा माशी घराचा पत्ता विसरण्याइतकी कोंडून राहत नाही. अंगावर स्वेटर असलेल्या माणसाला पहाटे पेटीवर हात ठेवून वाटतं, आत सगळं गारठून झोपलंय, आता हलवायला हरकत नाही. पण त्याच पेटीतून पाच तासांनी हजारो माश्या बाहेर पडणार असतात.

शिवाय थंडीतल्या अशा चुकीला शिक्षा जास्त कडक असते. एकटी माशी गारठली की दहा-बारा अंशांखाली तिला उडताच येत नाही. पण हजारो माश्या एकत्र बसल्या की त्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि ऊब निर्माण करतात. बाहेर ५ अंश असले तरी पिल्लं असलेल्या पोळ्यांत त्या ३४-३५ अंश राखतात. त्याला दोन गोष्टी लागतात, साठवलेला मध आणि भरपूर संख्या. जुन्या जागी परतलेल्या त्या पुंजक्याकडे दोन्ही नसतात. एप्रिलमध्ये अशा चुकलेल्या माश्या कशीबशी रात्र काढतात आणि सकाळी शेजारच्या पेटीत शिरतात. जानेवारीत अंधार पडला की त्या सुन्न होतात आणि पहाटे दगडाखाली पडलेल्या सापडतात. गेलेल्या असतात त्या सगळ्या कमावत्या, फुलांवर जाणाऱ्या. पेटीत राणी आहे, अळ्या आहेत, अजून बाहेर न पडलेल्या तरुण माश्या आहेत. झाकण उचलून बघितलं तर पेटी भरलेली वाटते. गोंड्यावर माशी का दिसत नाही, हे मग कुणालाच उमजत नाही, आणि शेतकरी व मधपाळ यांच्यात कुरबुर सुरू होते.

मग थंडीचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि मोठा आहे, पण तो प्रवासात. पेटी बंद करून हलवली की माश्या बिथरतात, आणि बिथरलेल्या माश्या पेटी तापवतात. उन्हाळ्यात बंद पेटी बघता बघता इतकी तापते की मेण मऊ पडतं, पोळी कोसळतात आणि माश्या मधात बुडून मरतात. थंड रात्री हा धोका बराच कमी होतो. आणखी एक सोय म्हणजे दिवस लहान असतो. सहा-साडेसहापर्यंत सगळ्या माश्या घरी येतात, तेव्हा दार लवकर लावता येतं आणि पूर्ण रात्र हाताशी राहते.

दार लावायचं ते तारेच्या बारीक जाळीनं. पुष्कळ लोक थंडी आहे म्हणून दाराला बोळा कोंबतात, पेटीवर गोणपाट गुंडाळतात. ते दयेपोटी करतात, पण जोमदार पेटी एका रात्रीच्या थंडीनं मरत नाही. हवा कोंडली तर मात्र मरते. वरून झाकणाखालीसुद्धा जाळी असावी. चालत्या टेम्पोत वारा खेळतो, थांबलेल्या टेम्पोत नाही, म्हणून वाटेतला चहा चटकन उरकावा.

थंडीचा एक तोटाही आहे. गार मेण ठिसूळ होतं. नुकतं बांधलेलं पांढरं पोळं उन्हाळ्यात वाकतं, थंडीत तडकतं. पेठेकडून येताना सावळघाट उतरून-चढून आलेल्या टेम्पोत हा अनुभव येऊ शकतो. म्हणून मधानं जड झालेल्या वरच्या चौकटी आठ-दहा दिवस आधी काढून घ्याव्यात. सगळा मध मात्र काढू नये. प्रवासात माश्या जास्त खातात आणि नव्या ठिकाणी पहिले दोन-तीन दिवस घरात काही येत नाही. मध काढण्याचा मोह इथं आवरावा लागतो, आणि माझ्या मते मधपाळाची पारख त्याच्या बरण्यांवरून न करता त्यानं पेटीत काय शिल्लक ठेवलं त्यावरून करावी.

चौकटी कुठल्या दिशेनं ठेवायच्या, यालाही महत्त्व आहे. टेम्पोनं ब्रेक मारला की धक्का पुढे-मागे बसतो. चौकटी रस्त्याच्या दिशेनं, गाडीच्या लांबीत असल्या तर पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. आडव्या ठेवल्या तर दोन पोळ्यांच्या मध्ये माश्या चिरडतात, आणि त्यात राणी सापडली तर पेटी गेलीच म्हणा. बैलगाडीच्या काळात हिशेब उलटा असायचा. गाडी डावी-उजवीकडे डुलते, म्हणून चौकटी आडव्या. मेलिफेरा झाडांचा चीक आणून चौकटी चिकटवून टाकते. एरवी पेटी उघडताना त्याचा वैताग येतो, प्रवासात तोच डिंक कामाला येतो. सातेरी असा चीक वापरत नाही, तिच्या चौकटी सैल असतात. तिची पेटी हलवायची तर चौकटींमध्ये लाकडाच्या चिपा बसवल्याशिवाय निघू नये.

पेट्या उजाडायच्या आत उतरवाव्यात. जागा दिवसा जाऊन आधी बघून ठेवलेली असावी, कारण अंधारात सगळीच जागा सपाट दिसते. रात्रीची गार हवा पाण्यासारखी उताराकडे जाते आणि खोलगटात साचते. नदीकाठचा मळा दुपारी रमणीय वाटतो, पण पहाटे तिथला गारठा बांधावरच्या गारठ्यापेक्षा कितीतरी बोचरा असतो. तेव्हा जरा उंचवट्यावर, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा आणि तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला अशी जागा धरावी. सकाळचं पहिलं ऊन दारावर पडलं तर माश्या लवकर निघतात, आणि कांद्याच्या फुलावर तेवढी जास्त फेरी होते. आडोशाला मक्याचा कडबा उभा केला तरी पुरतो. पेटी जमिनीवर टेकवू नये, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

उतरवल्यावर लगेच दार उघडू नये. वीस-पंचवीस मिनिटं घूं घूं शांत होऊ द्यावी आणि मग एक सोडून एक पेटी उघडावी. इथं पुन्हा थंडी मदतीला येते. हवेत सहा-सात अंश असले की दार उघडलं तरी माश्यांचा लोंढा बाहेर येत नाही. दोन-चार पहारेकरणी डोकावतात आणि आत जातात. ऊन आल्यावर बाकीच्या सावकाश निघतात. दारापुढे एखादी पालेदार फांदी आडवी लावून ठेवावी. निघालेली माशी तिथं अडखळते आणि वळून बघते. तिनं वळून बघावं, हाच त्या फांदीचा हेतू. सातेरी असेल तर पहिले काही दिवस दाराला राणी अडवणारी जाळी लावावी. कामकरी माश्या जा-ये करतात, राणीला मात्र बाहेर पडता येत नाही, आणि राणीशिवाय बिऱ्हाड उठत नाही.

निफाडच्या बाजूला पेट्या ठेवणाऱ्यांना थंडीत एक पाहुणाही सांभाळावा लागतो. नांदूर मध्यमेश्वरला परदेशी पक्षी येतात ते बघायला आपण जातो. बोलताना आपण ‘मधमेश्वर’ म्हणतो, पण त्यातला मध खाण्याचा नव्हे. पेट्यांजवळच्या तारेवर बसणारा आपला हिरवा वेडा राघू मात्र नावाला वेडा. माशी हवेतल्या हवेत टिपतो, तारेवर आपटून तिचा काटा काढतो आणि गिळतो. पेटी तारेखाली ठेवू नये, एवढाच त्यावर उपाय. राघूला मारायचं काही कारण नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. पेट्या आल्या, माश्या लागल्या, आणि आठव्या दिवशी शेतकऱ्याला डोंगळ्यांवर फुलकिडे दिसतात. तो निरोप देतो, ‘भाऊ, उद्या फवारणी आहे, पेट्या तेवढ्या बांधाच्या पलीकडे सरकवा.’ त्याच्या दृष्टीनं हे बोलणं अगदी रास्त असतं. पण आतापर्यंतचं ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल, की बांधाच्या पलीकडे म्हणजे ना तीन फूट ना तीन मैल. तिथं ठेवलेल्या पेटीच्या माश्या फवारलेल्या शेतातच परत येणार आणि थंडीत उघड्यावर रात्र काढणार. त्यापेक्षा पेट्या जागच्या हलवू नयेत. शक्यतो फुलोऱ्यात फवारणी टाळावी, आणि करायचीच झाली तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी आल्यावर करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी काही तास जाळी लावून पेट्या सावलीत बंद ठेवता येतात. थंडीत हे जमतं, उन्हाळ्यात जमत नाही. पेट्या आणतानाच दोघांनी याबद्दल बोलून ठेवलं तर पुढची भांडणं वाचतील.

ही ओढाताण आजची नाही. इजिप्तमध्ये झेनॉन नावाच्या एका कारभाऱ्याचं दप्तर सापडलं आहे, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातलं. त्यात मधपाळांनी त्याला लिहिलेला एक अर्ज आहे. आमची गाढवं १० दिवसांसाठी कामाला नेलीत, १८ दिवस झाले तरी परत आली नाहीत. पोळी शेतात आहेत, ती घरी आणायची वेळ झाली, आणि वाहून न्यायला गाढवं नाहीत. शेतकरी तर सांगताहेत, की आम्ही आता झुडपं जाळणार आणि पाणी सोडणार, पोळी हलवा नाहीतर नुकसान तुमचं. गाढवांच्या जागी टेम्पो आणि पाणी सोडण्याच्या जागी फवारणी घातली, तर हा अर्ज चांदवडच्या बाजूनं आला म्हणून खपेल. आज अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांसाठी दर फेब्रुवारीत २० लाखांहून अधिक पेट्या ट्रकांतून जातात. तिथंही तारखांवरून तणातणी चालतेच.

राहता राहिला एक प्रश्न, आणि तोच घरच्या दोन-चार पेट्या सांभाळणाऱ्यांना जास्त पडतो. पेटी लांब न्यायची नाही, शेतातल्या शेतातच हलवायची आहे. विहिरीचं काम निघालं, गोठा बांधायचा आहे, वाटेवर येणाऱ्या-जाणाऱ्याला माश्या चावतात. अशा वेळी घाई नसेल तर रोज हात-दोन हात सरकवत न्यावं. २०-२५ मीटरपर्यंत हे जमतं, आणि ज्या दिवशी माश्या उडाल्या नाहीत तो दिवस हिशेबात धरू नये. अंतर जास्त असेल तर पेटी आधी ५ किलोमीटरवरच्या एखाद्या नातेवाइकाच्या मळ्यात दोन-तीन आठवडे ठेवावी आणि मग आपल्या शेतात नव्या जागी आणावी. तोवर जुनी जागा पाठ असलेल्या बऱ्याचशा माश्या संपलेल्या असतात आणि नव्यांना ती ठाऊक नसते. थंडीत माशी जास्त जगते, म्हणून दोनपेक्षा तीन आठवडे बरे. अलीकडे हिवाळ्यातही अवकाळी पाऊस येतो. सलग तीन-चार दिवस ढग, गार वारा, माशी बाहेर नाही, अशी झड लागली तर तीही संधी समजावी. झड उघडायच्या आदल्या रात्री पेटी हलवावी आणि दारापुढे फांदी लावावी.

यातलं काहीही केलं तरी थोड्या माश्या जुन्या जागी जातातच. त्यांच्यासाठी तिथं एक रिकामी लहान पेटी, आत एक जुनं पोळं घालून ठेवावी. संध्याकाळी पाचच्या सुमारास, पारा उतरायच्या आत, ती उचलून नव्या जागी न्यावी आणि चुकलेल्या माश्या मूळ पेटीपुढे झटकून द्याव्यात. तीन-चार दिवस हे करावं लागतं, रोज थोड्या कमी होत जातात.

परतीच्या प्रवासाचं तेवढं सांगतो आणि थांबतो. डोंगळ्यांचा बहार मार्चच्या सुमारास संपतो आणि पेट्या डाळिंबाकडे निघतात. येताना थंडी होती, जाताना नाशिकचा पारा दुपारी पस्तिशी ओलांडत असतो. येताना ज्या पेट्या सहाला बंद केल्या, त्या आता सातनंतरच बंद करता येतील, कारण माश्या उशिरा घरी येतात. कोंडलेल्या पेटीत मेण मऊ होण्याचा धोका परत आलेला असतो. वरची जाळी मोठी हवी, पेट्यांच्या ओळींमध्ये वारा जाईल एवढी फट हवी, जवळ पाण्याचा डबा हवा, म्हणजे मध्येच जाळीवर पाणी शिंपडता येईल. आणि टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवावं की जानेवारीत वाटेत चहा झाला असेल, या खेपेला सटाणा येईपर्यंत गाडी थांबवायची नाही.